दप्तर, नर्सबाई आणि यंत्राची बुद्धी

सटाण्याच्या कचेरीचा इतिहास सांगू लागले की देवमामलेदारांपाशी थांबावेच लागते; 1870-71 च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी मोकळा करणाऱ्या यशवंत महादेव भोसेकरांना या गावाने देवत्व दिले, आणि पुढे चौकशी झाली तेव्हा तिजोरी भरलेलीच निघाली, असे बागलाण तालुक्यातील भाविक आजही सांगतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी कागद काय म्हणतो आणि समोरच्या माणसाची अवस्था काय आहे, यांतील अंतर जाणणारा अंमलदार या तालुक्याने पाहिला होता.

आरोग्यखात्यात हे अंतर रोज तुडवण्याचे काम परिचारिकेच्या वाट्याला आले. मुंबई इलाख्यात 1935 च्या अधिनियमाने तिच्या पेशाची नोंदणी सुरू झाली, 1946 मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, आणि कालांतराने सपाटीवर 5,000 व डोंगरी-आदिवासी मुलखात 3,000 लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा दंडक ठरला. साल्हेर-मुल्हेरकडच्या पाड्यांवर पायी जाणाऱ्या नर्सबाईला लशीइतकीच नोंदवहीही सांभाळावी लागे: गरोदर माता, पात्र जोडपी, लसीकरण, जन्म, मृत्यू. पुढे 2016 मध्ये ‘अनमोल’ नावाची प्रणाली टॅबवर आली; वह्या मात्र अनेक ठिकाणी तशाच राहिल्या, म्हणजे ओझे हलके होण्याऐवजी दुप्पट झाले.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाची चिन्हे शोधते, आणि परिचारिकांना तिचे ज्ञान किती व भय किती, अशी विचारणा विद्वान मंडळी करू लागली आहेत. प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. मोजणाऱ्याचा ओढा शून्यावर संपणाऱ्या आकड्याकडे असतो, हे वैद्यकाला जुनेच ठाऊक. वरून तक्ता मागितला म्हणून सायंकाळी घाईने भरलेला रक्तदाब कोणता आणि खरोखर मोजलेला कोणता, हे लिहिणारीलाच माहीत असते. यंत्र दोन्ही आकडे सारख्याच निष्ठेने शिकते. तेव्हा यंत्राविषयी परिचारिकेच्या साशंकतेला अज्ञान म्हणणे मला उतावीळपणाचे वाटते. ज्या कच्च्या मालावर ही बुद्धी पोसली जाते, त्याची पारख तिच्याइतकी क्वचितच कोणाला असेल.

नाशकात 1998 पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. परिचर्येच्या पाठ्यक्रमात संगणकाबरोबर या पारखीलाही जागा मिळावी. यंत्राने गरोदर मातेची जोखीम कमी म्हटली आणि पायांवरची सूज बोटाने दाबून पाहणाऱ्या नर्सबाईला ती जास्त वाटली, तर तालुक्याच्या रुग्णालयासाठी संदर्भचिठ्ठी लिहायची की नाही, हे तिलाच ठरवावे लागते, आणि चिठ्ठीवर सहीही तिचीच असते.