छडीकडून अंगणाकडे

श्रोतेहो, भंडाऱ्याहून पवनीकडे निघाले की वाटेत अड्याळ लागते. हा सारा धानाचा मुलूख. पाऊस लागला, पऱ्हे हाताशी आले, की रोवणीची घाई. घरची मोठी माणसे बांधीत उतरली म्हणजे धाकट्या भावंडाला कडेवर कोण घेणार? घरातलेच शाळकरी पोर! ते मग उशिरा शाळेत येते. पाय चिखलाने भरलेले, डोळ्यांत झोप. दाराशी उभे राहून ते गुरुजींच्या तोंडाकडे पाहते. गुरुजींनी “का रे, ही वेळ आहे का?” म्हणून दरडावले, तर उद्या ते येईलच असे सांगता येत नाही. “ये बाळ, पाय धुऊन बस,” म्हटले, तर ते येईल. शाळा सुटते कुठे आणि टिकते कुठे, हे पुष्कळदा या दारातच ठरते.

वर्गात माया असावी की धाक असावा, हा वाद आजचा नाही. त्याची थोडी मागची हकिगत ऐका.

आपल्याकडे पूर्वी पंतोजींच्या शाळा असत. कोणाच्या ओसरीवर नाही तर देवळात मुले बसत, धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढे, पावकी, निमकी मोठ्याने घोकीत. पाठ झाले नाही की छडी, अंगठे धरणे, ओणवे उभे राहणे. आता पंतोजी काही स्वभावाने दुष्ट होते, असे समजू नका. एकटा माणूस, समोर लहानमोठी सारी पोरे, मिळकत तुटपुंजी आणि शिकविणे म्हणजे पाठ करवून घेणे एवढीच समजूत. तिथे भय हेच सोपे साधन वाटले. पुढे इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा आल्या, इन्स्पेक्टर आले, परीक्षा आल्या. छडी मात्र जिथल्या तिथे राहिली.

या समजुतीला धक्का देणाऱ्यांत इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी या एक बाई होत्या. १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे, रुमाल कसा धरावा, आवाज कसा होऊ देऊ नये, हे शांतपणे करून दाखविले. पाठ संपला आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला! बाईंना नवल वाटले. मग उमगले. शेंबड्या नाकावरून मुलांना सारे जण हिणवतात, पण नाक साफ कसे करावे हे त्यांना अपमान न करता कोणी शिकविलेच नव्हते. गुरुजनहो, चांगल्या वागणुकीचे मर्म यात आहे. ती मागून मिळत नाही, रागावून मिळत नाही. ती करून दाखवावी लागते.

हा विचार आपल्या मातीत रुजविला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. ताराबाई काही वर्षे आपल्या विदर्भात, अमरावतीस राहिल्या होत्या. पुढे त्या भावनगरला गिजुभाईंच्या बालमंदिराच्या कामात शिरल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. पण ही शहरातली बालमंदिरे खर्चाची होती. खेड्यातल्या गरिबाच्या पोराचे काय? तेव्हा १९४५ साली त्या बोर्डी या गावी आल्या. तिथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. तशा स्थितीत त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गावाबाहेरच्या गरीब वस्तीतली मुले काही येईनात. दुसऱ्या कोणी म्हटले असते, “या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही.” ताराबाई तसे म्हणाल्या नाहीत. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरविले. मुलांना न्हाऊमाखू घालावे, केस विंचरावे, गाणी म्हणावी, बिया आणि शिंपले घेऊन मोजावे, असे काम अंगणातच सुरू झाले. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेले. तिथली पोरे गुरे राखायला जात. म्हणून शाळाही कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना निघाली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या गावच्या अंगणवाडीवरून जाताना हे आठवावे.

सरकारही हळूहळू या वाटेने आले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मारझोडीला शाळेत थारा नको असे म्हटले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. छडी हातातून गेली, हे बरे झाले. पण जिभेवरची छडी? “तुझ्या घरात कोणी शिकले आहे का?” हा एक बोल वेताच्या दहा छड्यांहून खोल जातो. आणि गुरुजी ज्याला हिणवतात, त्याला सारा वर्ग हिणवतो. मुले आपले शब्द ऐकतात त्याहून आपली वागणूक अधिक पाहतात.

कोणी विचारील, “धाक नसला तर पोरे डोक्यावर बसतील!” पालकही म्हणतात, “गुरुजी, दोन ठेवून द्या, पण वळण लावा.” यात तथ्य एवढेच, की वळण पाहिजे. माया म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. वर्गाचे नियम थोडे असावेत, मुलांशी बोलून ठरवावेत आणि गुरुजींनी स्वतः पाळावेत. हूड पोराला काम द्यावे. पाण्याचा माठ भरणे, पाट्या वाटणे, लहानग्याचा हात धरणे. नवीन मुलाला एक सोबती नेमून द्यावा. भांडण झाले तर दोघांचेही ऐकून घ्यावे. कोणी आपली पेन्सिल दुसऱ्याला दिली, तर बक्षीस नको. “हे मी पाहिले बरं का,” एवढे पुरे.

श्रोतेहो, रोवणीचे काम तुम्हाला मी काय सांगावे? पऱ्हे उपटताना मूळ तुटू नये म्हणून हात किती जपून चालतो! घरच्या अंगणातून उचलून आपण मूल वर्गात लावतो, तीही रोवणीच आहे. तिथेही हात तसाच जपून चालावा.