संरक्षण कुटीची रसद

व्याघ्र प्रकल्पाचे यश वाघांच्या संख्येवरून मोजले जाते. मात्र या यशाचा भार जंगलात मुक्काम करणाऱ्या वनरक्षकांवर आणि त्यांच्या सोबतीच्या वनमजुरांवर असतो. शिकार व चोरटी वृक्षतोड रोखण्यासाठी जंगलाच्या आतील भागात त्यांच्यासाठी जे निवारे उभारले जातात, त्यांना ‘संरक्षण कुटी’ म्हणतात. तेथे अन्न आणि औषधोपचार कसे पोहोचतात, हा वनसंरक्षणातील कळीचा प्रश्न आहे.

मेळघाटचे उदाहरण घेता येईल. सातपुड्यातील हे अरण्य १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट झाले. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या येथील नद्या पुढे तापीला मिळतात. पावसाळ्यात नदीनाले फुगतात आणि कच्च्या वाटा बंद होतात. याच काळात वाढलेल्या रानाचा आडोसा शिकाऱ्यांना मिळत असल्याने गस्त थांबवता येत नाही.

शिधा

त्यामुळे मृग नक्षत्रापूर्वीच साठा करून ठेवावा लागतो. दमट हवेत पिठाला कीड लागते आणि भाजीपाला टिकत नाही. साहजिकच तांदूळ, डाळी, कडधान्ये, तेल, मीठ, कांदे-बटाटे यांवर भिस्त असते. मच्छरदाणी, गमबूट, विजेरी आणि पाणी निर्जंतुक करण्याच्या क्लोरिनच्या गोळ्याही तितक्याच आवश्यक ठरतात.

औषधोपचार

जंगलातील प्रत्येक ताप हिवताप नसतो. बारीक चिगर माइट्सच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसने २०१८ मध्ये विदर्भात मोठी चिंता निर्माण केली होती. अंगावर काळी खपली दिसल्यास हा संशय घ्यावा. डॉक्सिसायक्लिन वेळीच सुरू झाल्यास हा आजार बरा होतो.

सर्पदंशाचा प्रश्न अधिक बिकट आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष वापरले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेशी या औषधाचे जुने नाते आहे. भुकटीच्या स्वरूपातील प्रतिविष शीतकपाटाविना टिकते. म्हणून ते कुटीतच का ठेवू नये, असे कोणासही वाटेल. परंतु त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. शिवाय उपचाराची सुरुवातच आठ ते दहा कुप्यांनी होते. दंश झालेला अवयव हलू न देता, जखम न कापता किंवा आवळून न बांधता, रुग्णाला धारणी, चिखलदरा वा अचलपूरच्या रुग्णालयात लवकर पोहोचवणे हाच खरा प्रथमोपचार होय. म्हणूनच चालू स्थितीतील बिनतारी संच आणि तयार वाहन यांची गणना औषधांतच केली पाहिजे.

हक्काचा प्रश्न

कायम सेवेतील वनरक्षकाला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. रोजंदारीवरील वनमजुराला हा हक्क नाही. या मजुरांत स्थानिक कोरकू आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. दोघे एकाच वाटेने गस्त घालतात आणि दोघांची जोखीमही सारखीच असते. रसदीची यादी करताना ही तफावत दूर करण्याचा विचार प्रथम व्हायला हवा.