नळाला बांधलेलं फडकं आणि लॉक कॅट्रिन



लेकीकडे ग्लासगोला गेले तेव्हा पाणी गाळायचं दुपदरी फडकं बॅगेत होतंच. पहिल्याच सकाळी नळाला बांधलं. लेक हसून म्हणाली, "आई, हे पाणी कुठून येतं ते रविवारी दाखवते."

रविवारी आम्ही ट्रोसॅक्सच्या डोंगरांतल्या लॉक कॅट्रिनला गेलो. लॉक म्हणजे तळं. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१० साली याच तळ्यावर 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य लिहिलं आणि प्रवाशांची रीघ लागली. आम्ही बसलो त्या बोटीलाही त्यांचंच नाव आहे. दोन्ही काठांना हिरवे डोंगर, मध्ये झाडीने भरलेलं एलेन बेट. मी बघतच राहिले.

पण मला जास्त भावली ती पाण्याची गोष्ट. त्या काळी ग्लासगोत गिरण्या वाढल्या, एकेका खोलीत अख्खी कुटुंबं राहू लागली आणि पाणी घाण झालं. १८४८-४९ आणि १८५३-५४ या कॉलऱ्याच्या दोन साथींत प्रत्येकी साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. शेवटी नगरपालिकेने १८५५ साली कायदा करवून घेतला. जॉन फ्रेडरिक बेटमन या इंजिनिअरने डोंगर फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर पूल बांधले आणि सुमारे ४२ किलोमीटर पाणी नुसत्या उतारावर शहराजवळ आणलं. पंप नाही. १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणीने या योजनेचं उद्घाटन केलं. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, तेव्हा एवढ्या मोठ्या शहरात शंभरही माणसं दगावली नाहीत.

हे ऐकलं आणि मला आजी आठवली. तिची दोन धाकटी भावंडं एकाच उन्हाळ्यात पटकीने गेली. विहीर एकच होती. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "पाणी गाळलं होतं गं आम्ही." फडक्याने जीव वाचतात, पण रोगाचे जंतू त्यातून आरपार जातात, हे तिला कोण सांगणार होतं? उकळायला हवं होतं.

बोटीचीही एक गंमत ऐका. १९०० सालापासून ती या तळ्यात आहे. तिचे सुटे भाग आणून इथेच जोडले. पिण्याचं पाणी बिघडू नये म्हणून तिच्यात तेल जाळत नसत. शंभरावर वर्षं ती घन इंधनावरच चालली, २००७ नंतर जैवइंधनावर.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आता फडकं काढू का?" मी म्हटलं, "राहू दे. ते जिवांसाठी आहे."

तुम्ही गेलात तर उन्हाळ्यातही स्वेटर न्या, आणि दशम्या-चटणीचा डबा विसरू नका. उन्हाळ्यात सूर्यास्त उशिरा होतो, त्यामुळे संध्याकाळचं जेवण निवांत होतं!