तारीख फेसबुकची, गर्दी गल्लीची

११ फेब्रुवारी २०११ रोजी इजिप्तचे अध्यक्ष होस्नी मुबारक यांनी पद सोडले आणि जवळपास तीस वर्षांची राजवट अठरा दिवसांत संपली. जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी या घटनेला ‘फेसबुक क्रांती’ असे नाव दिले. आपल्याकडेही ते लगेच रुजले. दोन महिन्यांच्या आत, ५ एप्रिलला, अण्णा हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले, तेव्हा त्या जागेची तुलना कैरोच्या तहरीर चौकाशी करण्याची चढाओढच लागली होती. तेव्हापासून ‘सोशल मीडियाने समाज बदलतो’ हे विधान सिद्ध झालेल्या प्रमेयासारखे वापरले जाते. अलीकडे ‘सोशल मीडियाने समाज बिघडवला’ हेही तितक्याच खात्रीने म्हटले जाते. या दोन्ही विधानांची परीक्षा घ्यायला इजिप्तइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. तिथे हे माध्यम एकदा गाजले, एकदा सपशेल फसले, एकदा सरकारने बंदच पाडले. आणि त्या त्या वेळी रस्त्यावर काय घडले हे तारीखवार माहीत आहे.

या इतिहासाची सुरुवात एका कापडगिरणीत आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या महल्ला अल्-कुब्रा या शहरात बँक मिस्रचे संस्थापक तलाअत हर्ब यांनी १९२७ मध्ये देशी भांडवलावर गिरणी काढली. पुढे नासर यांच्या काळात ती सरकारी झाली. डिसेंबर २००६ मध्ये, कबूल केलेला दोन महिन्यांचा बोनस हातात पडला नाही म्हणून इथल्या वीस हजारांहून अधिक कामगारांनी संप केला. पुढाकार बायकांचा होता. तयार कपड्यांच्या खात्यातल्या स्त्रिया काम थांबवून बाहेर पडल्या आणि ‘बायका इथे आहेत, पुरुष कुठे आहेत?’ असा त्यांनी पुरुषांना जाब विचारला. सरकारमान्य कामगार संघटना अर्थातच संपाच्या विरोधात होती. १९८२ मध्ये गिरणगावाने मान्यताप्राप्त युनियनला बाजूला सारून केलेला संप ज्यांना आठवतो, त्यांना हा पेच समजावून सांगायला नको. फरक इतकाच की महल्लाच्या कामगारांना त्यांचा बोनस मिळाला, आणि तो मिळाल्याचे पाहून देशभर संपांची साथ पसरली.

याच काळात कैरोत ब्लॉग लिहिणारी एक छोटी पिढी तयार होत होती. पोलिस ठाण्यात एका मिनिबसचालकाचा छळ करून त्याची चित्रफीत पोलिसांनीच मोबाइलवर काढली होती, त्याची आणखी बेअब्रू व्हावी म्हणून. ब्लॉगलेखकांनी ती जगापुढे ठेवली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये दोन पोलिसांना तीन वर्षांची शिक्षा झाली. इजिप्तमध्ये हे अघटित होते. गिरणी आणि ब्लॉग, दोघांची एकमेकांशी तोवर फारशी ओळख नव्हती.

ती झाली २००८ मध्ये. महल्लाच्या कामगारांनी ६ एप्रिलला पुन्हा संप पुकारला होता. किमान वेतन दरमहा १,२०० पौंड करावे ही मागणी होती. इस्रा अब्देल फताह आणि अहमद माहेर या दोन तरुणांनी त्याला पाठिंबा म्हणून देशभर हरताळ पाळावा, असे आवाहन करणारा गट फेसबुकवर काढला. बघता बघता त्याचे सुमारे सत्तर हजार सदस्य झाले. त्या दिवशी पोलिसांनी गिरणीचा ताबा घेतल्यामुळे प्रत्यक्ष संप झालाच नाही. पण भाकरीच्या रांगांनी आणि महागाईने आधीच पेटलेले शहर रस्त्यावर आले. गोळीबार झाला, माणसे मेली. मुबारक यांचे मोठे चित्र लोकांनी खाली ओढून पायदळी तुडवले. इस्राला अटक झाली.

यानंतरचा प्रसंग इतिहासकारांनी जितका मनावर घ्यायला हवा तितका घेतलेला दिसत नाही. त्याच तरुणांनी ४ मे रोजी, म्हणजे मुबारक यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, दुसऱ्या हरताळाची हाक दिली. माध्यम तेच होते आणि नाव तर आता देशभर झाले होते. पण सरकारने ३० एप्रिलला सरकारी नोकरांना ३० टक्के वाढ जाहीर केली, आणि या वेळी हाकेमागे कोणतीही गिरणी नव्हती. हरताळ फसला. दोन हाकांमध्ये महिन्याचेही अंतर नाही. पहिलीची तारीख कामगारांनी ठरवली होती आणि फेसबुकने ती देशभर नेली. दुसरीची तारीख फेसबुकवरच ठरली आणि तिथेच राहिली.

एवढ्यावरून फेसबुक निरुपयोगी ठरवणे मात्र घाईचे होईल, हे दोन वर्षांनी दिसले. ६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला दोन पोलिसांनी एका सायबर कॅफेतून ओढून मरेपर्यंत मारले. त्याच्या ओळखू न येणाऱ्या चेहऱ्याचा फोटो लोक एकमेकांना पाठवू लागले. दुबईत गूगलमध्ये नोकरी करणाऱ्या वाएल घोनिम यांनी निनावी राहून ‘आपण सगळे खालिद सईद’ हे पान सुरू केले. पानाची भाषा ग्रंथांची अरबी नव्हती, ती कैरोच्या रस्त्यावरची बोली होती. सुरुवातीला तर खुद्द खालिदच बोलतो आहे अशा प्रथमपुरुषी शैलीत मजकूर येई. पुढे काय करायचे हे सदस्यांची मते मागवून ठरे.

या पानाचा खरा शोध म्हणजे मूक उभे राहणे. १९८१ पासून लागू असलेल्या आणीबाणीत जमाव करणे गुन्हा होते. म्हणून ठरले असे की काळे कपडे घालायचे, अलेक्झांड्रियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या रस्त्यावर यायचे, एकमेकांपासून अंतर ठेवून समुद्राकडे तोंड करून उभे राहायचे. घोषणा नाही, फलक नाही. हवे तर पुस्तक वाचायचे. तासाभराने घरी जायचे. समुद्राकडे पाहणाऱ्या माणसाला पोलिस कोणते कलम लावणार? उभे राहणाऱ्याने डावीउजवीकडे पाहिले की लांबवर काळ्या कपड्यांची रांग दिसे. हुकूमशाहीत प्रत्येकाला आपला राग आपल्यापुरताच वाटत असतो. तो शेजाऱ्यालाही आहे, हे कळण्याची सोय या पानाने केली. माझ्या मते इजिप्तच्या क्रांतीत सोशल मीडियाचे सर्वांत मोठे काम हेच होते, आणि ते क्रांतीच्या सहा महिने आधी झालेले होते.

१४ जानेवारी २०११ रोजी ट्युनिशियाचे अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. घोनिम यांच्या पानाने २५ जानेवारीची, म्हणजे इजिप्तच्या पोलिस दिनाची, तारीख धरली. तारीख फेसबुकवर सर्वांसमोर जाहीर झाली. जागा कशा ठरल्या, हे मात्र वेगळेच प्रकरण आहे. आयोजकांनी वीस ठिकाणे जाहीर केली आणि पोलिसांनी ती सगळी आधीच वेढली. एकविसावे ठिकाण त्यांनी कुठेही लिहिले नव्हते. बुलाक अल्-दक्रूर या अरुंद गल्ल्यांच्या, कष्टकऱ्यांच्या वस्तीतले एक मिठाईचे दुकान. तिथून निघालेला मोर्चा गल्ल्यागल्ल्यांतून माणसे गोळा करत वाढत गेला आणि पोलिसांचे कडे मोडून तहरीर चौकात पोहोचला. जी जागा इंटरनेटवर नव्हती तीच कामी आली! ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यापर्यंत बातमी नेण्याची युक्तीही जुनीच. ‘सहा एप्रिल’ गटाचे तरुण टॅक्सीत बसून मोबाइलवर मुद्दाम मोठ्याने २५ तारखेच्या ‘गुप्त’ बेताविषयी बोलत. चालक ते ऐकून दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगणार, हा हिशेब पक्का होता. पानपट्टीवरचे आपले राजकारण ज्यांनी ऐकले आहे त्यांना तो पटेल.

२७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारने जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेट तोडले. २८ ला मोबाइलही बंद. तो शुक्रवार होता. घरात बसून बातम्या बघता येईनात, मुलाचा फोन लागेना, तेव्हा माणसे काय चालले आहे ते पाहायला बाहेर पडली. मशिदींतून लोंढे निघाले आणि संध्याकाळपर्यंत पोलिस रस्त्यांवरून नाहीसे झाले. क्रांतीचा निर्णायक दिवस इंटरनेटशिवाय पार पडला. इंटरनेट २ फेब्रुवारीला परत आले. त्यानंतरच्या आठवड्यात सुएझ कालव्याच्या कंपन्यांतले, वाहतुकीचे आणि महल्लाचेही कामगार संपावर गेले. मग मुबारक गेले. सरकारी चौकशीनुसार मृतांचा आकडा ८४६.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. लष्करी परिषदेने सत्ता घेतली आणि स्वतःचे फेसबुक पान काढून तिथून फर्माने सोडायला सुरुवात केली. १९ मार्चच्या सार्वमतात तरुणांनी ‘नाही’ म्हणा असे सांगितले. ७७ टक्क्यांनी ‘हो’ म्हटले. निवडणुका मुस्लीम ब्रदरहूडने जिंकल्या. गावोगाव त्यांची माणसे १९२८ पासून होती. तरुणांकडे पान होते. वाटाघाटीच्या टेबलावर पाठवायला कोणी निवडलेला माणूस नव्हता, कारण नेता नसणे हाच त्यांचा अभिमान होता. जुलै २०१३ मध्ये जनरल सिसी यांनी सत्ता हाती घेतली. अहमद माहेर तुरुंगात गेले, ‘सहा एप्रिल’वर २०१४ मध्ये न्यायालयाने बंदी घातली. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेले खाते वृत्तमाध्यम ठरवून सरकारी नियंत्रणाखाली आणले.

म्हणजे सगळे वाया गेले का? सत्तेपुरते पाहिले तर तसे दिसते. पण समाज म्हणजे सत्ता नव्हे. रस्त्यावर बाईची वाट अडवण्याला इजिप्तमध्ये ‘मुआकसा’ म्हणत. आपल्या ‘छेडछाडी’सारखाच गुन्ह्याला खेळाचे रूप देणारा शब्द. डिसेंबर २०१० मध्ये ‘हॅरासमॅप’ सुरू झाला. बाईने एसएमएस करायचा आणि ती जागा नकाशावर ठिपका होऊन उमटायची. हळूहळू ‘तहर्रुश’, म्हणजे लैंगिक छळ, हा सरळ शब्द लोकांच्या तोंडी बसला. जून २०१४ मध्ये दंडसंहितेत त्याची व्याख्या आली. जुलै २०२० मध्ये एका इन्स्टाग्राम खात्याने एका श्रीमंत घरच्या तरुणाविरुद्ध अनेक स्त्रियांच्या तक्रारी एकत्र आणल्या. त्याला अटक झाली आणि पुढच्या महिन्यात तक्रारदार स्त्रीचे नाव गुप्त ठेवण्याची तरतूद कायद्यात आली. हा बदल राजवट उलटली तरी मागे गेला नाही. त्याच जुलैमध्ये टिकटॉकवर नाचणाऱ्या तरुणींना ‘कौटुंबिक मूल्यांचा’ भंग केल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, हेही त्याच नोंदीत लिहायला हवे.

खालिद सईदला मारणाऱ्या दोघा पोलिसांना फेरसुनावणीत, मार्च २०१४ मध्ये, दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये पहिल्या पिढीतले ब्लॉगलेखक अला अब्देल फताह यांना पाच वर्षे मिळाली. तुरुंगात झालेल्या एका कैद्याच्या मृत्यूविषयीचा मजकूर त्यांनी फेसबुकवरून पुढे पाठवला होता.