उलट्या आट्यांची करामत

पॅरिसच्या बफेलो धावपट्टीवर ११ मे १८९३ रोजी आंरी देग्रांज यांनी तासाभरात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवली. पुढे १९०३ मध्ये 'तूर द फ्रान्स' सुरू करणारे ते हेच. त्या काळी सायकलचे मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के जोडलेले असे. चाक फिरले की पेडलही फिरणारच.

१९०० च्या सुमारास रस्त्यावरच्या सायकलींना फ्रीव्हील मिळाले. धावपट्टीवर मात्र जुनीच रचना टिकली. तिथे ब्रेक नसतात. वेग आवरायचा तो पायांनीच.

समजा, आपण रस्त्याच्या सायकलचे चाक धावपट्टीसाठी घेतले. फ्रीव्हील काढून त्याच आट्यांवर पक्के चक्र बऱ्याचदा सहज बसते. धोका इथेच आहे. पेडल पुढे मारताना चक्र आवळले जाते. पाय मागे रेटला की ते सुटू लागते. म्हणजे नेमके थांबायच्या क्षणी!

म्हणून धावपट्टीच्या हबवर लहान व्यासाचे, उलट्या आट्यांचे आणखी एक टप्पे असते. त्यावर एक कडी बसवतात. चक्र सुटू लागले की ते कडीलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. पण आटे उलटे असल्याने कडी अधिकच आवळते.

आपल्या साध्या सायकलच्या डाव्या पेडलचे आटेही उलटेच असतात. त्याचे कारण मात्र वेगळे आहे. ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.