जत्रा नव्हे, हंगाम हवा

सातारा-सांगलीत ‘हंगाम’ म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि पुढचे चार-पाच महिने कितीतरी घरं त्यावर चालतात. आज आपण एका वेगळ्या हंगामाचा इतिहास पाहू. मुलींच्या फुटबॉलचा.

महिलांची राष्ट्रीय लीग म्हटली की आपल्याकडे सांगलीच्या स्मृती मानधनाचं नाव निघतं. तिच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या संघानं २०२४ मध्ये क्रिकेटची महिला प्रीमियर लीग जिंकली, त्याचा आपल्याला अभिमानच आहे. पण ती लीग सुरू झाली २०२३ मध्ये. फुटबॉलच्या मुलींची लीग त्याआधी सहा वर्षांची होती, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे?

बाईनं फुटबॉल खेळणं जगात कुठंच सोपं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९२० साली बायकांचा एक सामना पाहायला ५३ हजार माणसं जमली. पुढच्याच वर्षी तिथल्या संघटनेनं आपली मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षं. आपल्याकडे १९७५ मध्ये महिला फुटबॉलची संघटना उभी राहिली. तेव्हाच्या मुलींनी आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेतेपद मिळवलं. तरी क्लबांची राष्ट्रीय लीग यायला चाळीस वर्षं गेली.

पहिला हंगाम दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाला. २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७, म्हणजे १८ दिवस. मुख्य फेरीत सहा संघ होते. त्यात आपल्या महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता, आणि हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा नावाच्या एका खेड्याचाही संघ होता. अंतिम सामन्यात मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियननं ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला ३-० असं हरवलं.

साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला पाच सामने आले. पाच सामने खेळायचे आणि घरी परतायचं. याला आपण हंगाम म्हणू का? ही तर जत्रा झाली. पालखी निघाली, गुलाल उधळला, पाल उठलं. दहावी-बारावी झालेल्या मुलीला घरचे विचारतात, “पुढं काय?” तेव्हा अठरा दिवसांची जत्रा दाखवून ती काय उत्तर देणार?

पुढं आपल्या शेजारचं कोल्हापूर पुढं आलं. तिथं तालमींचा फुटबॉल जुना, पण तो पुरुषांचा. एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ २०१९ मध्ये लुधियानात लीगचा तिसरा हंगाम खेळला आणि २०२० मध्ये बंगळूरला चौथा. मग कोरोना आला आणि पुढचा हंगाम रद्द झाला. एफसी पुणे सिटी हा क्लब तर २०१९ मध्येच बंद पडला होता.

२०२३-२४ मध्ये लीगचं रूप बदललं. सात संघ, प्रत्येकाचे बारा सामने, निम्मे स्वतःच्या मैदानावर आणि निम्मे दुसऱ्याच्या गावी. डिसेंबरात सुरू झालेली लीग मार्चमध्ये संपली आणि ओडिशा एफसी विजेता ठरला. आता कुठं तो खरा हंगाम झाला. पण त्या सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. जत्रा होती तोवर आपण होतो. हंगाम आला तेव्हा आपण नव्हतो.

हे आम्ही दोष द्यायला सांगत नाही. कारखान्यात मोळी टाकायची तर आधी शिवारात ऊस उभा पाहिजे. अलखपुऱ्यात तो उभा होता, कारण गावातल्या शाळेच्या मैदानावर मुली रोज खेळत होत्या. आपल्या माणदेशात मैदानाची वाण नाही. याच माणमधल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली.

तेव्हा मैत्रिणींनो, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर एकदा चक्कर मारून या. तिथं कोण खेळतंय ते पाहा. फक्त पोरं दिसली, तर पुढच्या ग्रामसभेत आपण सगळ्या मिळून विचारू : आमच्या पोरींची वेळ कोणती?