अनुभवाची साक्ष



एखादी वस्तु विकत घ्यावी, वापरून पाहावी आणि आपला अनुभव इतरांच्या उपयोगासाठीं लिहून काढावा, ही रीत अगदीं अलीकडची असावी अशी पुष्कळांची समजूत दिसते. आज कढई घेण्यापूर्वींसुद्धां मनुष्य दहा अनोळखी लोकांचीं मतें वाचून पाहतो. परंतु या साक्षीचा इतिहास बराच जुना आहे आणि तो सर्वस्वीं निर्मळ नाहीं.

इराकांतील उर या प्राचीन नगराचें उत्खनन लेओनार्ड वुली यांनीं केलें. तेथें एआ-नासिर नांवाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याच्या घरांत मातीच्या विटुकल्यांवर कोरलेलीं पत्रें सांपडलीं. त्यांचा काळ इ. स. पूर्वीं १७५० च्या सुमाराचा. त्यांपैकीं एक, जें आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहे, तें नान्नी नामक गिऱ्हाइकाची तक्रार होय. चांगलें तांबें देण्याचें वचन दिलेंस आणि हलक्या लगडी पुढें केल्यास. माझे निरोपे शत्रूच्या मुलखांतून तुझ्याकडे आले, त्यांना अपमान करून रित्या हातीं परत लावलेंस. यापुढें लगडी मी माझ्याच अंगणांत एक एक पारखून घेईन, असा त्याचा आशय आहे. ठरलें काय, मिळालें काय, वागणूक कशी झाली, सर्व कांहीं नेमकें आणि स्वतःच्या नांवानिशीं! पावणेचार हजार वर्षें लोटलीं तरी त्या माणसाचा संताप आपणांस समजतो तो या नेमकेपणामुळेंच. मात्र हें पत्र एका गिऱ्हाइकानें एका व्यापाऱ्यास लिहिलेलें होतें. शेजारच्यांनीं तें वाचावें अशी सोय तेव्हां नव्हती.

ती सोय छापखान्यानें केली, आणि येथेंच घोटाळ्यास आरंभ झाला. गिऱ्हाइकाचें पत्र चारचौघांपुढें जाऊं लागलें खरें, परंतु तें पुढें नेणारा कोण? स्वतः विक्रेताच. आम्हां मास्तरांच्या भाषेंत बोलावयाचें तर परीक्षार्थ्यानेंच आपल्या उत्तरपत्रिका निवडून तपासणीस द्याव्या, तसा हा प्रकार. याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंत घडलें.

मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील लिन या गांवीं लिडिया पिंकहॅम नांवाची एक सुशिक्षित बाई राहत असे. जन्म १८१९ चा. गुलामगिरीचा निषेध आणि दारूबंदी या दोन्ही चळवळींशीं तिच्या घराण्याची सहानुभूति होती. मुळ्या-पाल्यांचा एक काढा करून ती शेजारणींना त्यांच्या दुखण्यांवर फुकट देई. आपल्या ओळखीची मेथीहि त्यांत पडत असे. १८७३ च्या आर्थिक अरिष्टांत नवऱ्याचा व्यवहार बुडाला, तेव्हां १८७५ पासून मुलांनीं हाच काढा बाटल्यांत भरून विकावयास काढला. १८७९ साली बाटलीवर बाईंचें छायाचित्र आलें. पांढऱ्या केसांची, शांत मुद्रेची, आपल्या मावशीसारखी दिसणारी ती मूर्ति हां हां म्हणतां देशभर परिचित झाली.

जाहिरातींत रोगी स्त्रियांचीं आभारपत्रें छापलेलीं असत आणि शेवटीं विनंति असे कीं, भगिनींनो, आपलें दुखणें श्रीमती पिंकहॅम यांस लिहून कळवा. स्त्रियांनीं लिहिलें, हजारोंनीं लिहिलें. यांत त्यांना भोळ्या म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. त्या काळचे वैद्य बहुतेक पुरुष. स्त्रियांच्या विकारांविषयीं त्यांचें ज्ञान तोकडें, उपाय कठोर, आणि शस्त्रक्रियेंत प्राणाचें भय. ज्या गोष्टी नवऱ्याजवळ बोलतां येत नसत, त्या एका प्रौढ स्त्रीस पत्रांतून लिहितां येतात हाच मोठा दिलासा होता. आभारपत्रांपैकीं कित्येक मनापासून लिहिलेलीं असतील याविषयीं मला शंका नाहीं. कांहीं दुखणीं आपोआप बरीं होतात. शिवाय त्या काढ्यांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास होतें, तेव्हां दोन चमच्यांनीं जीवास हुषारी वाटणें स्वाभाविकच. दारूबंदीच्या सभांना जाणाऱ्या बायका घरीं येऊन हेंच घेत! परंतु जिला खरोखर गांठ किंवा अंतर्गत रोग असेल, तिचे महिने या बाटल्यांत निघून जात. अशा स्त्रियांचीं पत्रें जाहिरातींत कोठून येणार?

लिडिया पिंकहॅम १८८३ साली वारल्या. तथापि जाहिराती थांबल्या नाहींत आणि श्रीमती पिंकहॅम यांस पत्र लिहा हें आवाहनहि थांबलें नाहीं. ‘लेडीज होम जर्नल’चे संपादक एडवर्ड बॉक यांनीं १८९२ पासूनच असल्या औषधांच्या जाहिराती आपल्या मासिकांत बंद केल्या होत्या. १९०५ साली त्यांनीं एक साधी गोष्ट केली. श्रीमती पिंकहॅम लिन येथील आपल्या प्रयोगशाळेंत बसून सल्ला देत आहेत असें सांगणारी जाहिरात त्यांनीं छापली, आणि तिच्या जोडीला लिनच्या स्मशानभूमींतील बाईंच्या थडग्याचें छायाचित्र. त्या दगडावर मृत्यूचें साल स्पष्ट होतें. कंपनीचा खुलासा असा कीं श्रीमती पिंकहॅम म्हणजे बाईंची सून. कायद्याच्या दृष्टीनें तो कदाचित् टिकेल, परंतु चित्र सुनेचें नव्हतें.

त्याच वर्षीं ‘कॉलियर्स’ साप्ताहिकांत सॅम्युएल हॉपकिन्स अॅडम्स यांची लेखमाला सुरू झाली. रोग्यांचीं खासगी पत्रें गठ्ठ्यांनीं विकणारे दलाल आहेत, हेंहि त्या सुमारास उघड झालें. याहून विलक्षण गोष्ट मार्क सलिव्हन यांनीं दाखवून दिली. औषधवाले वृत्तपत्रांशीं जाहिरातींचा करार करीत, त्यांत एक कलम असे कीं त्या संस्थानांत अशा औषधांविरुद्ध कायदा झाल्यास करार रद्द. अर्थात् कायद्याचा मसुदा आला कीं संपादक आपण होऊनच विरोध करीत!

१९०६ साली मध्यवर्ती कायदा झाला. मद्यार्क, अफू इत्यादि पदार्थांचें प्रमाण बाटलीवर लिहिणें भाग पडलें. पण कर्करोग बरा करतों म्हणणाऱ्या एकावरील खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९११ साली असा निर्णय दिला कीं हा कायदा घटकांविषयींच्या असत्यापुरताच आहे, गुणाच्या बढाईस तो लागू नाहीं. १९१२ साली दुरुस्ती झाली तीहि फसविण्याचा हेतु सिद्ध करावा लागेल अशी. पळवाट म्हणतात ती हीच.

इंग्लंडांत एका गृहिणीनें हाच प्रश्न निराळ्या बाजूनें सोडविला होता. १८९१ साली लंडनच्या एका कंपनीनें जाहीर केलें कीं आमचा कार्बोलिक धुराचा गोळा सांगितल्याप्रमाणें वापरूनहि ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास १०० पौंड देऊं. खात्री म्हणून १००० पौंड बँकेंत ठेवले आहेत. लुइसा कार्लिल बाईंनीं तो घेतला, दिवसांतून तीन वेळां नेमानें हुंगला आणि जानेवारी १८९२ मध्यें तापानें पडल्या. कंपनी म्हणे तो केवळ जाहिरातीचा फुगारा. न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं आणि पैसे द्यावयास लावले. आमच्याकडील कायद्याचे विद्यार्थी आजहि हा खटला अभ्यासतात. कार्लिलबाई पुढें शहाण्णव वर्षांच्या होईपर्यंत जगल्या, गोळ्यावांचून.

सर्वच शिफारशी लबाडीच्या असत असें मात्र नव्हे. मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनीं चरबी टाळून वनस्पति-तेलाचा साबण केला, त्याला रवींद्रनाथांनीं उघडपणें आपलें नांव दिलें. तेथें स्वदेशीचा अभिमान होता आणि बोलणारा कोण हें वाचकास ठाऊक होतें.

विक्रेत्याच्या हातांतून निवड काढून घेण्याचा खरा प्रयत्न १९३६ साली अमेरिकेंत स्थापन झालेल्या ग्राहकसंघानें केला. जाहिराती घ्यावयाच्या नाहींत आणि तपासावयाची वस्तु साध्या गिऱ्हाइकाप्रमाणें दुकानांत पैसे मोजून आणावयाची, असा त्याचा शिरस्ता. मुंबईंत १९६६ साली नऊ गृहिणींनीं भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापिली. भेसळ आणि मापांतील खोट हीं तिचीं पहिलीं कामें. त्यापूर्वीं १९५४ साली चमत्कारी औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा आपल्याकडे झालाच होता. २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानें तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस आपलें नांव देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीसहि दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. आणि २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या लेखी अभिप्रायांसाठीं मानक प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांत अभिप्राय लिहिणारा खरोखर अस्तित्वांत आहे कीं नाहीं याची पडताळणी प्रथम सांगितली. तें मानक आरंभीं ऐच्छिकच ठेवण्यांत आलें.